नदीच्या पाण्याचा तंटा बोलणीने मिटवायचा असेल तर

पाणी वापर संस्थेवर पहिल्यांदाच निवडून आलेले संचालक, नवे सरपंच, तालुक्याच्या कोर्टात नुकतीच प्रॅक्टिस सुरू केलेले वकील आणि ‘तू शिकलेला आहेस, तूच बोल’ म्हणून गावाने पुढे ढकललेली तरुण मंडळी, अशांसाठी हे लिहिलं आहे. वरच्यांनी पाणी अडवलं आणि खालच्यांची पिकं वाळली, एवढीच गोष्ट तुमच्या कानावर आलेली असते. मध्ये पडलं की कळतं, कागद दोन्हीकडे आहेत, डोक्यावर कर्ज दोन्हीकडे आहे आणि ‘आमच्या आजोबांपासून पाणी असंच चाललंय’ म्हणणारे म्हातारेही दोन्हीकडे आहेत.

माझं मत आधीच सांगतो. ‘पाण्यावर हक्क कोणाचा’ हा प्रश्न पहिल्याच बैठकीत टेबलावर आला की बोलणी तिथंच मोडतात. पाणी कमी पडेल त्या वर्षी कोणी किती सोसायचं, हे पाणी असतानाच लिहून ठेवलं तर ती टिकतात. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या एका कामासाठी आहेत.

पायरी १ : भांडण कुठल्या पातळीवरचं, ते ठरवा

सगळे पाणीतंटे एका दारात नेता येत नाहीत. चुकीच्या कचेरीत अर्ज दिला की सहा महिने तिथंच जातात आणि तोवर हंगाम संपतो.

एकाच चारीवरच्या, म्हणजे कालव्याच्या एकाच लहान फाट्यावरच्या, शेतकऱ्यांचा वाद असेल तर तो पाणी वापर संस्थेच्या, म्हणजे कालव्याचं पाणी वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्थेच्या, समितीतच सुटायला हवा. महाराष्ट्रात २००५ साली शेतकऱ्यांकडून सिंचन पद्धतीच्या व्यवस्थापनाचा कायदा झाला. त्यात संस्थेला पाणी मोजून मिळायचं आहे आणि संचालक मंडळात कालव्याच्या मुखाकडचे, मधले आणि शेपटाकडचे असे तिन्ही भागांतले शेतकरी घ्यायचे आहेत. ही तरतूद कागदावरच राहिली असेल तर आधी ती जागी करा, अर्धं भांडण तिथंच खाली बसतं.

संस्थेला ठरलेला कोटा मिळत नाही, अशी तक्रार असेल तर ती प्राथमिक विवाद निवारण अधिकाऱ्याकडे न्यायची. त्याच्या निर्णयावर अपील महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाकडे होतं. कोणी ओढा बुजवला, बेकायदा बांध घालून नैसर्गिक प्रवाह अडवला, तर मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडे दावा करता येतो. हा कायदा १९०६ चा आहे, पण आजही चालतो. मुदत मात्र घटनेपासून सहा महिन्यांची असते आणि बहुतेकांची ती ‘बघू, समजावून सांगू’ करण्यात निघून जाते. समजावून जरूर सांगा, पण तारीख वहीत लिहून ठेवा.

दोन राज्यांच्या मधली नदी असेल तर तुम्ही-आम्ही थेट फिर्यादी होऊ शकत नाही. १९५६ च्या आंतरराज्य नदी जलविवाद कायद्यानुसार तक्रार राज्य सरकार केंद्राकडे करतं. वाटाघाटींनी हा वाद मिटणार नाही, असं केंद्राचं मत झालं तरच लवाद नेमला जातो. म्हणजे वाटाघाटी हा कायद्याने धरलेला पहिला रस्ता आहे, दुबळ्या पक्षाची माघार नव्हे. गावातले गरम डोक्याचे लोक ‘चर्चा कसली करता’ म्हणतील तेव्हा हे कामाला येतं.

लवादाने किती वेळ लागतो, हेही त्यांना सांगा. कृष्णेचा दुसरा लवाद २००४ साली नेमला गेला. त्याचा निर्णय २०१० अखेर आला आणि पुढचा अहवाल २०१३ मध्ये. त्यानंतरही प्रकरण सर्वोच्च न्यायालयात अडकून राहिलं. म्हादईचा लवाद २०१० चा. त्याने २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी असा निवाडा दिला, तरी वाद शमला नाही.

याउलट गोदावरीचं. कृष्णा आणि गोदावरी या दोन्ही नद्यांसाठी १९६९ मध्ये न्या. बचावत यांच्या अध्यक्षतेखाली लवाद बसले. कृष्णेत लवादाला स्वतः आकडे वाटून द्यावे लागले. गोदावरीत राज्यांनी १९७५ पासून आपसांत एकामागून एक करार केले आणि जुलै १९८० च्या निवाड्यात लवादाने मुख्यतः त्या करारांवरच शिक्का मारला. पैठण धरणापर्यंतचं गोदावरीचं आणि सिद्धेश्वर धरणापर्यंतचं पूर्णेचं सगळं पाणी महाराष्ट्राने वापरावं आणि त्याखाली पोचमपाड धरणापर्यंत (तेव्हा आंध्रात, आता तेलंगणात) नव्या प्रकल्पांसाठी ६० टीएमसी घ्यावं, हे ६ ऑक्टोबर १९७५ च्या करारात आलं. करारातून आलेल्या निवाड्यावरही पुढे भांडण झालंच. ते कशावरून झालं, हे सहाव्या पायरीत येईल, कारण नवख्या माणसाने शिकायचं ते तिथं आहे.

पायरी २ : हक्काआधी माप

बैठकीला जाण्याआधी हे काम करा. ते कंटाळवाणं आहे, म्हणूनच कोणी करत नाही, आणि मग सगळी चर्चा ‘नदी भरून वाहते आहे’ विरुद्ध ‘नदीत खडक दिसतोय’ अशी होते.

आधी भाषा. धरणाचा साठा टीएमसीत किंवा दशलक्ष घनमीटरात सांगतात, ज्याला सगळे दलघमी म्हणतात. एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, साधारण २८.३ दलघमी. विसर्ग क्युसेकमध्ये असतो, म्हणजे दर सेकंदाला किती घनफूट. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर. सतत एक हजार क्युसेक सोडले तर एक टीएमसी व्हायला साडेअकरा दिवसांच्या वर लागतात. एवढं पाठ असलं तरी वर्तमानपत्रातली ‘पाचशे क्युसेकने पाणी सोडले’ ही बातमी वाचून गावात उडणारा धुरळा निम्मा होतो.

मग आपल्या नदीचं, पाटाचं माप. चारीच्या तोंडाशी मोजणीची व्यवस्था केलेली असेल तर शाखा अभियंत्याकडून त्याचा वाचनतक्ता मागून घ्या. पट्टीवरच्या सेंटिमीटरवरून विसर्ग काढायचा तक्ता असतो, तो संस्थेच्या कपाटात असायलाच हवा. काहीच नसेल तर काडीची रीत आहे. सरळ पाटाचा दहा मीटरचा तुकडा निवडा, लाकडाचा तुकडा सोडा, किती सेकंदात खाली पोचतो ते तीन-चार वेळा मोजा. पाट दोन मीटर रुंद, पाणी अर्धा मीटर खोल आणि काडीला वीस सेकंद लागली, तर वेग सेकंदाला अर्धा मीटर झाला. रुंदी गुणिले खोली गुणिले वेग, आणि पृष्ठभागावरचं पाणी जोरात पळतं म्हणून वर ०.८५ ने गुणायचं. उत्तर येतं सेकंदाला सुमारे ४२५ लिटर, म्हणजे पंधरा क्युसेक. अचूक नाही, पण ‘बोटभर पाणी येतंय’ यापेक्षा फार बरं.

नदीवरचा उपसा तर मोजायलाच हवा. दोनशे लिटरचा पिंप मोटारीच्या तोंडाखाली धरा. वीस सेकंदात भरला तर ती मोटार सेकंदाला दहा लिटर काढते. अशा शंभर मोटारी एकदम चालल्या तर हजार लिटर, म्हणजे पस्तीस क्युसेक. धरणातून शंभर क्युसेक सोडले आणि वाटेतल्या एका गावाने पस्तीस उचलले, तर खालच्या गावाच्या तक्रारीत तथ्य आहे, हे कोणी न ओरडता दिसतं. मात्र त्या शंभर मोटारी एकाच वेळी चालतात का, हे वीज ठरवते. म्हणून थ्री फेज विजेचं वेळापत्रकही याच वहीत लिहा. दिवसपाळीच्या आठवड्यात आणि रात्रपाळीच्या आठवड्यात नदी वेगळी वाहते, हे नदीकाठच्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक असतं. साहेबांच्या फायलीत ते नसतं.

माप एकट्याने घेऊ नका. दुसऱ्या गावाचा माणूस सोबत हवाच. तुम्ही एकट्याने मोजलेला आकडा कितीही खरा असला तरी बैठकीत तो ‘तुमचा आकडा’ ठरतो. दोघांनी मिळून मोजलेला, दोघांच्या सह्यांचा कच्चा आकडाही त्याहून चालतो.

पायरी ३ : टेबलाभोवती कोण

पुढाऱ्यांच्या बैठकीत पाणी वाटलं जातं आणि धरणाच्या दारावर ते फिरवलं जातं, असं होऊ नये म्हणून प्रत्यक्ष पाणी हाताळणारी माणसं बैठकीत बसवा. पाटकरी, कालवा निरीक्षक, बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घालणारे-काढणारे, पाणीपुरवठा योजनेचा ऑपरेटर. सोसायटीचा सचिवही बोलवावा, कारण ऊस किती, द्राक्ष किती, कर्ज किती हे त्याच्या रजिस्टरात असतं. पिण्याच्या पाण्याची बाजू मांडायला बायका हव्यात. टँकर आला की रांगेत त्याच उभ्या असतात.

शेपटाकडच्यांना आधी बोलू द्या. याचं चांगलं उदाहरण नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड धरणावर आहे. दिंडोरी तालुक्यात कोळवण नदीवरचं हे धरण. शेपटाला असलेल्या ओझरकडच्या शेतकऱ्यांना कालव्याचं पाणी धड पोचत नव्हतं. समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी १९९० च्या सुमारास तिथं महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा अशा तीन पाणी वापर संस्था उभ्या केल्या. पाणी मोजून घ्यायचं, पाणीपट्टी वेळेवर भरायची आणि शेतकऱ्यांनी आपसांत वाटून घ्यायचं. विहिरींना पाझर लागतो तो कालव्याचाच, म्हणून विहिरीचं पाणीही हिशेबात धरलं. पुढे वरच्या भागातल्या शेतकऱ्यांनीही संस्था काढल्या आणि सगळ्या धरणाचं व्यवस्थापन संस्थांच्या संघाकडे आलं. शेपटाला पाणी पोचलं तर मधल्यांना ते मिळालेलंच असतं, एवढा साधा हिशेब त्यामागे होता. मुखाकडून सुरुवात केली असती तर ओझरचे लोक आजही अर्जच देत बसले असते, असं मला वाटतं.

सरकारी अधिकारी पहिल्याच बैठकीला नको. दोन गावांनी आपसांत एकदा तरी बसून घ्यावं. अधिकारी समोर असला की सगळे त्याच्याकडे बघून बोलतात, एकमेकांकडे नाही. दुसऱ्या बैठकीला मात्र उपअभियंता हवाच, कारण धरणाचं दार त्याच्या हुकुमावर उघडतं आणि त्याला न विचारता केलेला करार म्हणजे नुसता ठराव.

पायरी ४ : वेळ आणि जागा

वाईट वर्षी बोलणी सुरू करू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरात धरण अर्धं आहे, कोर्टात याचिका आहे, रस्त्यावर टायर जळताहेत, अशा वेळी कोणीही शहाणा माणूस सवलत देऊ शकत नाही. दिली तर पुढची निवडणूक हरतो. चांगला पाऊस झालेल्या वर्षी दिवाळीनंतर, रब्बीची पेरणी आटोपली की बसा. तेव्हा सगळ्यांना ‘बघू की’ म्हणायला सुचतं.

कालवा सल्लागार समितीच्या बैठकीच्या आधी तुमची बोलणी उरकलेली हवीत. त्या समितीत पालकमंत्री, आमदार असतात, आवर्तनं, म्हणजे कालव्याला पाणी सोडायच्या पाळ्या, किती आणि कधी हे तिथं ठरतं. दोन्ही गावं एकच मागणी घेऊन गेली तर ती मान्य व्हायची शक्यता पुष्कळ वाढते, हे कोणालाही पटेल. एकमेकांविरुद्ध निवेदनं दिली तर साहेब दोन्ही निवेदनं ठेवून घेतात.

जागा कुठलीही चालेल, फक्त एका गावच्या पुढाऱ्याचा वाडा नको. बंधाऱ्यावरच सतरंजी टाकून बसलेलं उत्तम. कोणी ‘पाणी या खुणेपर्यंत असतं’ म्हणाला की उठून खूण दाखवायला सांगता येतं.

पायरी ५ : तुटीचा तक्ता

हे या सगळ्याचं काळीज आहे, इथं वेळ घालवा.

चांगल्या वर्षाचं वाटप कोणीही करतं. ‘साठ-चाळीस’ म्हटलं की टाळ्या पडतात. प्रश्न असा की धरण निम्मं भरलं तर साठाचे तीस होणार का? वरच्याने साठ घेऊन खालच्याला उरलंसुरलं द्यायचं का? पिण्याचं आधी काढून उरलेलं वाटायचं का? फळबाग आणि हंगामी पीक एकाच मापाने मोजायचं का? मोसंबीची बाग वाळली तर पाच-सात वर्षं मागे गेली, हरभरा गेला तर एक हंगाम गेला. यावर खूप भांडण होईल. होऊ द्या, तेच भांडण करायला सगळे जमलेत.

नाशिक-अहिल्यानगर विरुद्ध मराठवाडा हा जायकवाडीचा तंटा या एका प्रश्नावर उभा आहे. जायकवाडी धरणाचा, म्हणजे पैठणच्या नाथसागराचा, उपयुक्त साठा २१७१ दलघमी, म्हणजे जवळपास ७७ टीएमसी. वर गंगापूर, दारणा, भंडारदरा, निळवंडे, मुळा अशी धरणं होत गेली. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने म्हटलं, की खोऱ्यातली तूट सगळ्यांनी समान सोसायची आणि ऑक्टोबरअखेर धरणांतल्या साठ्यांची टक्केवारी शक्य तितकी सारखी राहील असं बघायचं. तत्त्व चांगलं, पण दुष्काळी वर्षी दारावर उभ्या असलेल्या अभियंत्याला ‘समान’ म्हणजे किती क्युसेक, हे त्यातून कळत नाही.

ते काम सरकारने नेमलेल्या मेंढेगिरी समितीच्या २०१३ च्या अहवालाने केलं. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत आणि वरच्या धरणांत किती साठा आहे, त्यावरून वेगवेगळ्या परिस्थिती कल्पून प्रत्येकीत वरच्या कुठल्या धरणसमूहाने किती ठेवावं, याचे तक्ते दिले. जायकवाडी ६५ टक्के भरलं असेल, म्हणजे उपयुक्त साठा साधारण पन्नास टीएमसी झाला असेल, तर वरून सोडायची गरज नाही. प्राधिकरणाने २०१४ च्या आदेशात हे सूत्र धरलं आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात ते तपासलं गेलं. वरच्यांना ६५ हा आकडा जास्त वाटतो, खालच्यांना कमी. पण भांडण आता ‘पाणी द्यायचं की नाही’ यावरून ‘किती टक्क्यांवर’ इथं आलं आहे. ही मोठी मजल आहे. टक्क्यांवरचं भांडण अभियंते सोडवू शकतात, पहिलं भांडण कोणीच सोडवू शकत नाही.

मला त्यात खटकतं ते एवढंच, की तो तक्ता समितीने केला, काठावरच्यांनी एकमेकांसमोर बसून नाही. म्हणून दर तुटीच्या वर्षी तो नव्याने कोर्टात जातो. तुमचा बंधारा छोटा आहे. तुम्ही तो समोरासमोर करू शकता.

तक्त्यासाठी तीन गोष्टी लागतात: एक तारीख, पाण्याची पातळी मोजायची एक पट्टी आणि तीन किंवा चार पायऱ्या. त्याहून जास्त पायऱ्या केल्या तर कोणाच्या लक्षात राहत नाहीत. सोडलेल्या पाण्यातलं काही नदीच्या वाळूत मुरतं, काही वाटेत उचललं जातं. ‘किती सोडायचं’ आणि ‘किती पोचायचं’ यातलं काय लिहिताय, ते ठरवा. खालचे ‘पोचलं पाहिजे’ म्हणतील, वरचे ‘आम्ही सोडलं, आमची जबाबदारी संपली’ म्हणतील. मधला मार्ग असा, की सोडण्याच्या दिवसांत वाटेतल्या मोटारी बंद ठेवायची जबाबदारी दोघांनी मिळून घ्यायची. कोल्हापूरकडे पाटबंधारे खातं उपसाबंदी जाहीर करतं, तसंच गावपातळीवर आधीच लिहून ठेवलेलं.

पायरी ६ : कागद

करार तोंडी ठेवू नका. फडपद्धतीची गावं शेकडो वर्षं तोंडी चालली, हे खरं आहे. पांझरा, मोसम, आरम या नद्यांच्या बंधाऱ्यांवर एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाटकऱ्याने पाणी फिरवायचं, पंचांनी दंड करायचा. पण तिथं पाणी फक्त पाटाने येत होतं. आज प्रत्येकाच्या शेतात मोटार आहे, आणि मोटारीला पंच दिसत नाहीत.

आता बाभळी. नांदेड जिल्ह्यात धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर महाराष्ट्राने बंधारा बांधला, साठा २.७४ टीएमसी. खाली पोचमपाड, म्हणजे श्रीरामसागर. आंध्रचं म्हणणं पडलं, की हा बंधारा आमच्या जलाशयाच्या फुगवट्यात (धरण भरल्यावर मागे पाणी चढतं त्या भागात) येतो, १९७५ च्या कराराने याला मुभा नाही. महाराष्ट्राचं म्हणणं, करारातल्या ६० टीएमसीत आम्ही बसतो. करारात आकडा होता, पण फुगवट्यातल्या बांधकामाबद्दल दोघांना पटेल असं स्पष्ट वाक्य नव्हतं. २००६ साली आंध्र सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१० साली चंद्राबाबू नायडू बंधाऱ्याकडे निघाले आणि धर्माबादला अटक होऊन बसले, एवढं ते तापलं. फेब्रुवारी २०१३ च्या निकालात बंधारा राहिला, पण अटी आल्या. १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे, दर १ मार्चला ०.६ टीएमसी खाली सोडायचं, आणि देखरेखीला केंद्रीय जल आयोग आणि दोन्ही राज्यांचे मिळून तिघांची समिती.

निकालाचा गाभा बघा: तारीख, आकडा, बघणारा. म्हणून १ जुलैला दोन्हीकडचे अधिकारी एकत्र उभे राहतात आणि दरवाजे वर जातात. दुसरी बाजूही बघा. पावसाळाभर दरवाजे उघडे, आणि २८ ऑक्टोबरनंतर नदीत पाणी किती येणार, ही काठच्या शेतकऱ्यांची तक्रार आहे. म्हणजे साठ्याच्या आकड्यापेक्षा तारीख जास्त पाणी ठरवते. ‘किती’ यावर घसा कोरडा करून ‘केव्हा’ यावर घाईत सही करू नका.

गावपातळीचा मसुदा असा असू शकतो. एकाखाली एक असे दोन कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत असं धरा:

‘दरवर्षी १५ ऑक्टोबर रोजी सकाळी ८ वाजता दोन्ही गावांचे प्रत्येकी दोन प्रतिनिधी दोन्ही बंधाऱ्यांच्या पट्ट्यांची नोंद घेतील व एकाच वहीत सह्या करतील. वरच्या बंधाऱ्यात पाणी २ मीटर झाल्यावर पुढचे बरगे, खालच्या बंधाऱ्यात दीड मीटर पाणी होईपर्यंत, घालण्यात येणार नाहीत. दोन्ही पातळ्या १५ डिसेंबरपर्यंत न गाठल्यास दोन्ही गावे आठवड्यातून तीन दिवस उपसा बंद ठेवतील. पाणी १ मीटरखाली गेल्यास फक्त पिण्यासाठी व जनावरांसाठी वापर होईल. फळबागांबाबत दोन्ही समित्या दर आठवड्याला एकत्र बसून ठरवतील. एक बाजू नोंदीस न आल्यास दुसऱ्या बाजूने फोटोसह घेतलेली नोंद ग्राह्य धरली जाईल.’

आकडे तुमच्या बंधाऱ्याचे घाला. शेवटचं वाक्य मात्र गाळू नका. ते नसलं तर एका गावाने नुसतं न येऊन सगळा करार गोठवता येतो. बरगे घालण्याचं काम खात्याकडे असेल तर उपअभियंत्याचं लेखी पत्र जोडा. ग्रामसभेत ठराव करून घ्या, तोही दोन्ही गावांत. कोर्टात दावा चालू असेल तर तडजोड लिहून, दोन्ही पक्षकारांच्या सह्यांनी दाखल करा, म्हणजे तिचा हुकूमनामा होतो. लोकअदालतीतल्या तडजोडीलाही हुकूमनाम्याचं बळ असतं आणि तिच्यावर अपील नसतं. वकिलांनी हे पक्षकाराला सही करण्याआधी सांगावं, नंतर नाही.

खर्चाचं कलम विसरू नका. बरगे कुजतात, पट्टीचा रंग उडतो, रात्री राखण करणाऱ्याला पैसे लागतात. तिळारी प्रकल्प महाराष्ट्र आणि गोवा यांनी मिळून केला, धरण दोडामार्ग तालुक्यात, पाण्याचा मोठा लाभ गोव्याला आणि खर्चाचा मोठा वाटाही गोव्याचा. पाणी ज्या मापात, पैसा त्या मापात, म्हणून राज्यांच्या सीमेवरही ते उभं राहू शकलं.

पायरी ७ : पहिली दोन वर्षं

करार पहिल्यांदा मोडतो तो रात्री, आणि बहुधा लग्नसराईत किंवा यात्रेच्या दिवसांत, जेव्हा राखणदार जागेवर नसतो. मोडला म्हणून गुन्हा दाखल करायला धावू नका. वहीत नोंद करा, दुसऱ्या दिवशी दोन्ही समित्या बसवा आणि तेवढं पाणी पुढच्या पाळीत वळतं करून घ्या. पैशाच्या दंडापेक्षा पाण्याने भरपाई बरी. पैशावाला पाचशे रुपये फेकून पुन्हा मोटार लावतो.

पट्टीचा फोटो रोज व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका, तारीख-वेळ दिसेल असा. त्या ग्रुपवर दुसरं काही टाकू देऊ नका, ‘शुभ सकाळ’सुद्धा नाही. चार महिन्यांनी तो ग्रुपच तुमचा पुरावा असतो. मात्र फोन हरवतात, म्हणून वही चालू ठेवाच.

दोन वर्षांनी तक्त्यातला एखादा आकडा चुकला होता, असं दिसेल. तो बदलायला दोघांची संमती लागेल आणि बदल फक्त मे महिन्यात, पाऊस पडण्याआधी करायचा, असं आधीच ठरवा. पाऊस किती पडणार हे कोणालाच माहीत नसतं, तेव्हा आकडा कोणाच्या बाजूने झुकतो हेही माहीत नसतं.

बोलणी फिसकटली तर

फिसकटतात. एक बाजू येतच नाही, किंवा येते आणि उठून जाते. त्या वेळी काय झालं ते इतिवृत्तात लिहा, हजर असलेल्यांच्या सह्या घ्या, आणि प्रत दुसऱ्या बाजूला स्पीड पोस्टाने पाठवा. पोस्टाची पावती जपा. तुम्ही प्रयत्न केल्याचं हेच दाखवता येतं.

मग वर सांगितल्याप्रमाणे योग्य दारात जा. कोटा मिळाला नसेल तर प्राथमिक विवाद निवारण अधिकाऱ्याकडे अर्जासोबत संस्थेच्या कोट्याचं पत्र, चारीच्या तोंडाशी घेतलेल्या रोजच्या नोंदी, पाणीपट्टी भरल्याच्या पावत्या आणि फिसकटलेल्या बैठकीचं इतिवृत्त जोडा. प्रवाह अडवला असेल तर तहसीलदारांकडे, सहा महिन्यांच्या आत, अडवल्याच्या तारखेच्या पुराव्यासह. अर्ज दिला तरी बैठकीचं निमंत्रण परत पाठवा, दर महिन्याला, अगदी त्याच मसुद्यासह. दुसरी बाजू खर्चाने आणि तारखांनी दमते, आणि अनेकदा दावा चालू असतानाच कोणीतरी चहाच्या टपरीवर विचारतं, ‘तो तुमचा कागद अजून आहे का?’ तो खिशात असू द्या.